कातो शुइची वाचताना सुरुवात साहित्याच्या इतिहासापासून नको

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच लक्षात येईल. तुमची जपानीची एन-टू (पाच पातळ्यांतली वरून दुसरी परीक्षा) झाली आहे, कंपनीत दुभाष्याचं काम करता आणि एका दिवाळी अंकासाठी जपानी समीक्षक कातो शुइची यांच्यावर लेख द्यायचं कबूल केलं आहे. त्यासाठी त्यांचा जपानी साहित्याचा इतिहास मूळ जपानीत वाचायला घेतलात आणि ऐंशी पानांनंतर गाडं अडलं. आपली भाषा कमी पडते का, सरळ इंग्रजी भाषांतर घ्यावं का, आणि डॉक्टर, कवी, प्राध्यापक, युद्धविरोधी कार्यकर्ता यांतला हा माणूस नेमका कोण, असं तुम्ही विचारलं आहे.

भाषा पुरेशी आहे. जपानी समीक्षकांत कातोंचं गद्य त्यातल्या त्यात सरळ. वाक्य लांब असतं, पण कर्ता गाळलेला नसतो आणि ‘पण’, ‘म्हणून’, ‘तरीही’ जागच्या जागी असतात. अडचण निराळी आहे. ज्या प्रश्नातून तो इतिहास लिहिला गेला, तो प्रश्न कातोंच्या पंचवीस-तीस वर्षं आधीच्या लेखनात आहे. तो मनात नसेल तर कोजिकी, मान्योशू, कूकाई, गेन्जी अशी जुन्या ग्रंथांच्या आणि लेखकांच्या नावांची रांग लागते आणि वाचणारा थकतो. पुण्यात जपानी शिकवायला आणि भाषांतरं करायला लागून मला पंचवीसहून जास्त वर्षं झाली. पहिल्या खेपेला मीही तुमच्यासारखीच त्या इतिहासात अडकले होते. दुसऱ्या खेपेला आत्मचरित्रापासून सुरुवात केली आणि मग तेच पुस्तक रात्री उशिरापर्यंत खाली ठेववेना.

आत्मचरित्राचं नाव ‘हित्सुजी नो उता’, म्हणजे मेंढीचं गाणं. कातोंचा जन्म १९१९चा, आणि जपानी पंचांगात ते मेंढीचं वर्ष. १९६८ साली इवानामी या प्रकाशनाच्या खिशात मावणाऱ्या आकारात त्याचे दोन भाग निघाले. स्वतःची थोरवी सांगण्यासाठी ते लिहिलेलं नाही. सरासरीच्या जवळपासचा एक आधुनिक जपानी माणूस कोणत्या परिस्थितीत घडला ते दाखवायचं होतं, असं ते स्वतःच सांगतात. घर टोकियोतल्या शिबुयाचं. वडील डॉक्टर, तर्काला धरून चालणारे. आईचे वडील सागा प्रांताकडचे, मेजीकाळातल्या (१८६८–१९१२) लष्करात अधिकारी असलेले आणि इटलीला जाऊन आलेले. पहिलं प्रकरण या आजोबांच्या घराचं आहे. ते सावकाश वाचा. पुढे ज्या ‘संकरित संस्कृती’साठी कातो ओळखले गेले, ती आधी या घरात दिसते.

पण तुमच्या लेखाला खरा आधार मिळेल तो ८ डिसेंबर १९४१च्या संध्याकाळचा. पर्ल हार्बरच्या हल्ल्याची बातमी आली तेव्हा कातो बावीस वर्षांचे, वैद्यकीचे विद्यार्थी होते. त्या संध्याकाळी ते शिनबाशीच्या नाट्यगृहात बुनराकू, म्हणजे कळसूत्री बाहुल्यांचं नाटक बघायला गेले. गेले तर प्रेक्षागृह जवळजवळ रिकामं. तरीही निवेदक नेहमीसारखा येऊन बसला, शामिसेन या तीन तारांच्या वाद्याचा सूर लागला आणि एदोकाळातल्या (१६०३–१८६८) माणसांची प्रेम आणि कर्तव्य यांतली ओढाताण सुरू झाली, जणू बाहेर काही घडलेलंच नाही. एका बाजूला युद्धाने भारलेलं राष्ट्र आणि दुसऱ्या बाजूला, त्याच्यापुढे जराही न वाकणारं, आपल्या जागी पुरं असलेलं हे दुसरं जग. कातो हे फार कमी शब्दांत सांगतात.

माझ्या वर्गात हा भाग आला की कुणी ना कुणी म्हणतंच, ‘हे तर पळ काढणं झालं, देश युद्धात आणि हे नाटक बघतायत.’ अशा वेळी मी त्यांच्यापुढे याच माणसाचा युद्ध संपल्यावर लिहिलेला एक लेख ठेवते. नाकामुरा शिनइचिरो आणि फुकुनागा ताकेहिको या दोन मित्रांबरोबर कातोंनी १९४७ साली ‘१९४६ – साहित्यिक विचार’ नावाचं पुस्तक काढलं. युद्धाच्या काळात हे मित्र एकत्र जमून जपानीत यमक जुळवून सुनीतं लिहीत. जपानीत जवळपास प्रत्येक शब्द स्वरात संपतो, त्यामुळे यमक कानाला जाणवतच नाही. म्हणून तो खटाटोप फार पुढे गेला नाही. त्या पुस्तकात कातोंचा एक लेख आहे तो ‘नव्या तारे-जांभळीफुले पंथा’वर. तारे आणि फुलांवर हळव्या कविता करणाऱ्या जुन्या कवींवरून घेतलेलं हे नाव त्यांनी आपल्याच पिढीतल्या सुशिक्षित तरुणांना दिलं. चांगल्या घरची, चांगल्या शाळांत शिकलेली, युरोपीय कविता वाचणारी, नाजूक आवडीची ही मुलं होती. त्यांची अभिरुची उत्तम होती, आणि तरी युद्धाबद्दल सरकार जे सांगेल ते त्यांनी मुकाट मान्य केलं. कातो विचारतात की वाचनाने मन एवढं तयार झालेल्या माणसाची विवेकबुद्धी इतकी कोवळी कशी राहिली?

आयुष्यभर कातोंनी याच प्रश्नाचा पाठपुरावा केला, असं माझं मत आहे. तुमचा लेख या प्रश्नावर उभा करा. मग डॉक्टर, कवी आणि इतिहासकार हे तिघे वेगळे शोधावे लागणार नाहीत. पुढे तुम्ही वेगळ्या मताला आलात तर तसं लिहा, पण सुरुवात इथून करा.

डॉक्टरकीबद्दल थोडं सविस्तर लिहा, कारण बहुतेक लेखांत ती एका ओळीत उरकली जाते. कातोंचा विषय रक्तविज्ञान. १० मार्च १९४५च्या रात्री टोकियोवर आगीचे बॉम्ब पडले, तेव्हा ते विद्यापीठाच्या रुग्णालयात भाजलेल्या माणसांवर उपचार करत होते. १५ ऑगस्टचं सम्राटाचं भाषण त्यांनी नागानो भागातल्या उएदाला ऐकलं, कारण त्यांचा विभाग तिथे हलवला होता. त्याच शरद ऋतूत जपानी आणि अमेरिकी डॉक्टरांच्या संयुक्त पथकातून ते अणुबॉम्बचे परिणाम तपासायला हिरोशिमाला गेले. रोग्याच्या रक्तातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजणं हे त्यांचं रोजचं काम. ही मोजण्याची सवय त्यांच्या गद्यात उतरली आहे. मोठं विधान करण्याआधी ते ‘हे कशावरून?’ असं स्वतःला विचारतात. ‘जपानी आत्मा’सारखा भारदस्त शब्द समोर आला की तो बाजूला ठेवून त्याखाली काय आहे ते पाहतात. १९५१ ते १९५५ ते फ्रान्समध्ये होते, तेही मुळात वैद्यकीय संशोधनासाठी. १९५८ साली आशियाई-आफ्रिकी लेखकांच्या परिषदेसाठी ताश्कंदला गेले आणि त्याच सुमारास वैद्यकी सोडली. त्या प्रवासावर त्यांनी उझबेकिस्तान, क्रोएशिया आणि केरळ अशा तीन ठिकाणांबद्दल १९५९ साली पुस्तक लिहिलं. केरळ अशासाठी, की १९५७ साली तिथे निवडणुकीतून कम्युनिस्ट सरकार आलं होतं. समाजवाद वेगवेगळ्या मातीत कसा दिसतो, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. भारतीय वाचकासाठी लिहिताना हा धागा सोडू नका.

आता ज्या निबंधाने त्यांचं नाव झालं त्याकडे. १९५५ साली कातो बोटीने परतले आणि त्याच वर्षी जपानी संस्कृतीच्या ‘झाश्शु’पणावर, म्हणजे संकरितपणावर, त्यांनी निबंध लिहिला. पुढच्या वर्षी तो ‘झाश्शु बुन्का’ या पुस्तकात आला. बोटीवरून आधी किनारा दिसतो, डोंगर, पाइनची झाडं, आणि मग कोबेचं बंदर, कारखाने, क्रेन. हे फ्रान्समधलं मार्सेय बंदर नाही हे उघड आहे. पण हे सिंगापूरही नाही, असं कातोंच्या लक्षात येतं. सिंगापूरची पाश्चात्त्य इमारत परक्यांनी स्वतःसाठी बांधलेली. कोबेची जपान्यांनी, स्वतःच्या गरजेसाठी. म्हणजे पाश्चात्त्य गोष्ट इथे वरून चिकटवलेली नाही, मुळांपर्यंत गेली आहे. ती उपटून ‘शुद्ध जपान’ काढू म्हणणारे फसतील, आणि जपानीपण छाटून ‘शुद्ध आधुनिक’ होऊ म्हणणारेही फसतील. शुद्धीकरणाच्या दोन्ही मोहिमा जपानने करून पाहिल्या होत्या आणि एकीचा शेवट कुठे झाला, ते हिरोशिमाला जाऊन आलेल्या डॉक्टरला कुणी सांगायला नको होतं. मग हे मिश्रण कमीपणाचं न मानता त्यातूनच काही घडवता येईल का, हा त्यांचा पुढचा प्रश्न.

या एका शब्दाच्या मराठी भाषांतरावर मी कित्येक महिने घालवले आहेत, आणि तुम्हालाही ते टळणार नाही. ‘झाश्शु’ म्हटलं की जपानी माणसाच्या डोळ्यांपुढे आधी कुत्रा येतो, कुठल्याही एका जातीचा नसलेला. शब्दात थोडी तुच्छता आहे. या शब्दाला मी चांगला किंवा वाईट असा कोणताच अर्थ देत नाही, असं कातो निबंधातच बजावतात, पण शब्द मात्र मुद्दाम हाच घेतात. मराठीत ‘मिश्र’ फार सभ्य पडतो, मिश्र भाजीसारखा. ‘भेसळ’ म्हटलं की गुन्हा झाला. ‘संकर’ घेतला की गीतेच्या पहिल्या अध्यायातला कुळाला नरकात नेणारा संकर मागोमाग येतो आणि त्याच्याबरोबर जातीचा सगळा इतिहास. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी ‘संकर’च लिहिलं होतं. वर्गात वाचून दाखवलं तेव्हा शेतकरी घरातली एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘आमच्याकडे संकरित म्हणजे बियाणं. हायब्रीड ज्वारी. आजी म्हणते पोट भरतं, पण भाकरीला चव नाही.’ मला हवं ते त्या वाक्यात सापडलं. शब्दाला थोडा हिणवणारा वास आहे, पण माणसांनी ती गोष्ट जाणूनबुजून पेरली आणि तिच्यावर पोटं भरली. तेव्हापासून मी ‘संकरित संस्कृती’ लिहिते. तुम्हाला दुसरा शब्द सुचला तर जरूर वापरा, पण तो गुळगुळीत नको. शब्द गुळगुळीत झाला की कातोंचा मुद्दाच हरवतो.

या निबंधात एक कमकुवत जागाही आहे, ती झाकू नका. इंग्लंड आणि फ्रान्सच्या संस्कृतीला कातो ‘शुद्ध’ प्रकाराचा नमुना म्हणून उभं करतात. पण इंग्रजी भाषाच अर्ध्याहून अधिक फ्रेंच आणि लॅटिन शब्दांनी भरलेली. तुलनेसाठी घेतलेला तो साचा होता असं त्यांच्या बाजूने म्हणता येईल, पण साचा कच्चा होता.

एवढं वाचून झालं की मग साहित्याचा इतिहास. मूळ दोन खंड, १९७५ आणि १९८०चे. ते लिहिण्याआधी कातोंनी १९६०पासून कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात आणि पुढे बर्लिनला शिकवलं होतं. जपानबद्दल काहीच माहीत नसलेल्या विद्यार्थ्यांसमोर उभं राहिलं की ‘हे तर सगळ्यांना ठाऊकच आहे’ असं म्हणून पुढे जाता येत नाही. पुस्तकाचा मोकळेपणा तिथून आला. त्यांनी ‘साहित्य’ या शब्दाची व्याप्तीच वाढवली. कविता आणि कादंबरीबरोबर कूकाई आणि दोगेन या बौद्ध भिक्षूंचे धर्मविचार, ओग्यू सोराईसारख्या कन्फ्यूशियन पंडिताचे ग्रंथ, चिनी भाषेत लिहिलेलं जपानी लेखन, सगळं एका रांगेत आलं. आपल्याकडे ज्ञानेश्वरी तत्त्वज्ञान की काव्य असा वाद कुणी गंभीरपणे घालत नाही, त्यामुळे मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. जपानमध्ये मात्र साहित्याचा इतिहास म्हणजे मुख्यतः ललित लेखनाचा इतिहास, असा पायंडा पडला होता.

पुस्तकाचा कणा असा: बाहेरून मोठे विचारव्यूह येत राहिले, बौद्ध, कन्फ्यूशियन, ख्रिस्ती, मार्क्सवादी. आत एक जुनी देशी दृष्टी होती, याच जगाकडे आणि समोरच्या ठोस गोष्टीकडे बघणारी. या दोन्हींची गाठ पडली की बाहेरचा विचार हळूहळू बदलून इथला होतो. जुनं जाऊन नवं येत नाही, जुन्याशेजारी नवं येऊन बसतं. वाका कविता राहिली, तिच्याशेजारी हायकू आलं. नो नाटक राहिलं, काबुकी आलं. वाड्याला खोली वाढवत जावी तसं. एदोकाळातल्या सरदारांच्या वाड्यांचं उदाहरण कातो देतातच. आधी पूर्ण आराखडा आखून बांधणं नाही, लागेल तशी खोली जोडत जाणं.

हे समजायला मी वर्गात एक छोटं उदाहरण घेते, तुम्हीही करून बघा. १४८८ साली सोगी, शोहाकू आणि सोचो या तीन कवींनी मिनासे इथे शंभर कडव्यांची साखळी-कविता रचली. पहिल्या कडव्यात बर्फ अजून उरलंय आणि डोंगराचा पायथा संध्याकाळच्या धुक्यात आहे. दुसऱ्यात दूर वाहणारं पाणी आणि उमेच्या (जपानी आलुबुखाराच्या) फुलांचा वास असलेलं गाव. तिसऱ्यात नदीवरचा वारा, विलो झाडांचा पुंजका आणि त्यात दिसलेला वसंत. आता पहिलं कडवं हाताने झाका आणि दुसरं-तिसरं वाचा. एक पुरं चित्र होतं, आणि त्यात बर्फ नाही. साखळी-कवितेचा नियमच हा, की प्रत्येक कडवं फक्त आधीच्या एका कडव्याशी जुळायचं. त्यामागचं सोडून द्यायचं. शंभर कडव्यांचा मिळून आराखडा कुणाच्याच डोक्यात नसतो. कातोंचं शेवटचं मोठं पुस्तक, जपानी संस्कृतीतला काळ आणि अवकाश (२००७), याच मुद्द्यावर उभं आहे: ‘आत्ता’ आणि ‘इथे’ यांत जगणं. जपानीत ‘मिझु नि नागासु’ म्हणतात, झालं गेलं पाण्यात सोडून देणं. शेजाऱ्याशी झालेलं भांडण असं सोडता येतं आणि त्यात शहाणपणही आहे. पण राष्ट्राने युद्ध पाण्यात सोडलं तर काय, हे कातो तिथे विचारतात. बावीस वर्षांच्या मुलाला पडलेला प्रश्न अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी असा परत आला आहे.

तुम्ही कंसात विचारलंय, की हे सगळं ‘जपानी लोक असे असतात’ छापाचं तर नाही ना. शंका रास्त आहे. १९५५चा निबंध म्हणतो की शुद्ध मूळ शोधू नका, आणि इतिहासात मात्र शतकानुशतकं न बदलणारी एक देशी दृष्टी दिसत राहते. या दोन्हींचा मेळ पूर्ण बसत नाही, आणि लेखात तसं सरळ लिहा. माझ्यापुरतं उत्तर असं, की जपानी वेगळेपणाची पुस्तकं वाचणाऱ्याला कुरवाळतात. कातो अपवाद शोधत जातात. ओसाकाच्या व्यापारी घरातला तोमिनागा नाकामोतो हा त्यांचा आवडता माणूस. १७१५चा जन्म, जेमतेम तीस वर्षांचं आयुष्य. त्याने १७४५ साली दाखवून दिलं, की बौद्ध सूत्रं सगळी एकट्या बुद्धाची नसून प्रत्येक पंथाने आधीच्यावर आपला थर चढवला आहे. भारतीय, चिनी आणि जपानी अशा तिन्ही मनांच्या खोडीही त्याने सांगितल्या, स्वतःच्या देशाची वगळून नव्हे. देशी दृष्टीतच सगळे अडकलेले असते तर असा माणूस झाला नसता, आणि कातोंना हे पक्कं ठाऊक होतं.

बाकीचं तुमच्या परिस्थितीवर आहे. लेख दीड हजार शब्दांचा असेल तर इतिहासाचे खंड बाजूला ठेवा आणि बुनराकूची संध्याकाळ, तारे-जांभळीफुले, कोबेचं बंदर एवढ्यावर थांबा. चार-पाच हजार शब्द मिळत असतील तर तोमिनागा आणि साखळी-कविता घ्या. वेळ कमी असेल तर इतिहासासाठी इंग्रजी भाषांतर वापरायला काहीच हरकत नाही, पण आत्मचरित्र मूळातच वाचा. त्यातला आवाज भाषांतरात निम्माच येतो. २००४ साली कादंबरीकार ओए केनझाबुरोंसारख्या आठ जणांबरोबर त्यांनी जपानी घटनेचं युद्ध नाकारणारं नववं कलम वाचवण्यासाठी संघटना काढली, २००८च्या डिसेंबरात ते गेले, हे तपशील शेवटी दोन ओळींत येऊ द्या.

एक मजकूर मात्र तुम्ही स्वतः मराठीत आणावा असं मला मनापासून वाटतं. ऑगस्ट १९६८मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागमध्ये, शिरले तेव्हा कातो युरोपात होते. त्यांनी ‘कोतोबा तो सेन्शा’, शब्द आणि रणगाडा, असा निबंध लिहिला. त्याचा गाभा असा, की शब्द कितीही धारदार आणि कितीही जणांचे असोत, त्यांनी एकही रणगाडा फुटत नाही. रणगाडा सगळ्यांना गप्प करू शकतो, प्राग जमीनदोस्त करू शकतो. पण आपण प्रागच्या रस्त्यावर का उभे आहोत, ते रणगाड्याला स्वतःहून सांगता येत नाही. त्यासाठी शब्दच लागतात.

इथे वाक्यरचनेकडे लक्ष द्या. जपानी वाक्याचा क्रम मराठीला जवळचा, क्रियापद शेवटी, विभक्ती नामाच्या मागे. नामाआधीची लांबलचक विशेषणं ‘-लेला’, ‘-णारा’ लावून दोन पातळ्यांपर्यंत मराठीत नीट चालतात. तिसरी आली की वाक्य तोडा, कातोंचा क्रम तेवढा मोडू नका. ते आधी रणगाड्याचं बळ पुरतं मान्य करतात आणि मगच ‘पण’ म्हणतात. तो ‘पण’ वाक्यात आधी आणलात तर भाषण होईल. ‘कोतोबा’साठी ‘शब्द’च ठेवा, ‘वाणी’ नको. तेवढे दोन-तीन परिच्छेद करून इथे टाकलेत तर मी मूळ पुस्तक काढून ओळीला ओळ लावून बघेन.